डॉक्टरांचा नंबर

बाबा सप्टेंबरात गेले. गिरीश काका नोव्हेंबरात आले, बाबांच्या नंबरप्लेट्सची किंमत ठरवायला. त्यांना आधीच यायचं होतं, पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ते बाबांचे जुने मित्र, पेझलीच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. निवृत्तीनंतर त्यांनी आणि बाबांनी मिळून एकच उद्योग केला. रविवारी जुन्या गाड्यांच्या बाजारात जायचं, पत्र्याच्या ढिगांत वाकून हात काळे करायचे आणि संध्याकाळी एखादी गंजकी पाटी घेऊन घरी यायचं. आई म्हणायची, इतक्या वर्षांत ह्या दोघांनी एक सबंध गाडी म्हणून कधी आणली नाही, नुसती नावं गोळा केली.

आमचं घर ब्यूट बेटावर, रॉथसीत. ग्लासगोहून वीम्स बेपर्यंत ट्रेन, तिथून फेरी. मी लीड्सला युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत काम करते. त्या आठवड्यात सुट्टी काढून आईजवळ होते. मी एकुलती एक, त्यामुळे बाबांच्या वस्तूंचं काय करायचं हे आई आणि मी मिळूनच ठरवत होतो. खरं तर आई ठरवत होती आणि मी खोकी आणत होते.

गॅरेजच्या तिन्ही भिंतींवर पाट्या होत्या. काही ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या, काही मिनाकाम केलेल्या, एकदोन तर लाकडावर हाताने रंगवलेल्या. काका काठी टेकत एकेकीसमोर उभे राहिले. शंभर वर्षांपूर्वी मोटारी रस्त्यावर आल्या तेव्हा इथल्या प्रत्येक काउंटीला एकदोन अक्षरं वाटून दिली गेली आणि पुढे एकपासून आकडे सुरू झाले. ग्लासगोला जी मिळालं. आमच्या बेटाला एसजे. आकडा जितका लहान तितकी त्याची पहिली गाडी जुनी, आणि तितका आज त्याचा मान मोठा. काका नंबर पाहायचे ते स्थळ पाहावं तसे. अक्षरं म्हणजे घराणं. आकडा म्हणजे वय. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चालचलणूक : पहिल्या गाडीपासून आजच्या गाडीपर्यंत तो सतत रस्त्यावर होता का, की मध्ये कुठे खंड पडला. बाबा त्यांना चिडवायचे, गिरीश, तुला मुलगी नाही म्हणून तू नंबरांची लग्नं लावत फिरतोस.

भिंती पाहून झाल्यावर काका स्टुलावर बसले. म्हणाले, ह्या सगळ्या कातड्या आहेत. ह्यांच्या गाड्या केव्हाच मोडीत गेल्या, त्यांच्याबरोबर नंबरही गेले. नंबर असतो तो स्वान्सीच्या सरकारी दप्तरात, एखाद्या चालत्या गाडीच्या नावावर. पत्रा हा पत्राच. शोभेची किंमत येईल, एखाद्या क्लबला देऊन टाकू. मग त्यांनी आईकडे पाहिलं.

“आणि सात, वहिनी? गाडी दिसली नाही बाहेर.”

“ती दिली,” आई म्हणाली. “इशबेलला. तेराव्याला.”

काकांनी खिशातून रुमाल काढून बोटं पुसली, एकेक करून.

सात म्हणजे एसजे ७. तो बाबांचा नंबर, पण मुळात बाबांचा नव्हे. बेटावरच्या पहिल्या मोटारींपैकी एक डॉक्टरची होती आणि तो नंबर तिचा. तो डॉक्टर गेला तेव्हा दवाखान्याबरोबर नंबरही पुढच्या डॉक्टरकडे गेला, त्याच्याकडून त्याच्या पुढच्याकडे. कुठे लिहून ठेवलेली रीत नव्हती. तिसरे डॉक्टर मॅकॉल. सत्तरच्या दशकात बाबा ग्लासगोच्या हॉस्पिटलमधून त्यांच्या हाताखाली आले आणि चार वर्षांनी म्हाताऱ्याने दवाखाना त्यांच्या हवाली केला. सोबत एक काळी बॅग दिली, मरायला टेकले तरी डॉक्टरला न बोलावणाऱ्या माणसांची नावं तोंडी सांगितली, आणि नंबर दिला. म्हणाले, इथे लोक तोंडाकडे पाहत नाहीत, गाडीकडे पाहतात. हा लाव.

बाबा ते हसत सांगत, पण ते खरं होतं. मिरजेहून आलेल्या, सावळ्या, आडनाव कुणाला उच्चारता येत नाही अशा माणसाला त्या बेटाने स्वीकारलं ते नंतर. आधी नंबर स्वीकारला. एसजे ७ दिसला की रस्त्यावरची माणसं स्टिअरिंगवरची बोटं उचलून सलाम करत. काच खाली केल्यावर आत देवस्थळी निघाले तर त्याला आता काही इलाज नव्हता, बोटं उचलून झालेली असत. हळूहळू ते डॉक्टर डेव्ह झाले. गाडी कुणाच्या दारात उभी आहे त्यावरून बेटाला तब्येती कळत. एकदा मासे घ्यायला म्हणून बाबांनी गाडी पबसमोर लावली आणि कुणी ओळखीचं भेटलं म्हणून तासभर गप्पा मारल्या. संध्याकाळपर्यंत पबच्या मालकिणीला दोन घरांतून सूप आलं.

मी दहावीपर्यंत मिरजेला मावशीकडे शिकले. बाबा दोनतीन वर्षांतून एकदा दिसत आणि प्रत्येक पत्रात एक फोटो असे, त्यात बहुतेक वेळा गाडी. सोळाव्या वर्षी मी बेटावर उतरले तेव्हा मला घ्यायला आलेल्या टक्कल पडू लागलेल्या माणसाला मी चटकन ओळखलं नाही. नंबर ओळखला आणि त्याच्याकडे चालत गेले.

बाबा निवृत्त झाले तेव्हा दवाखाना हेल्थ सेंटरमध्ये विलीन झाला. तिथे पाच डॉक्टर, पाळीपाळीने येणारे. त्यांतल्या एका तरुणीला बाबांनी नंबर देऊ केला होता. ती फार सभ्यपणे हसली आणि म्हणाली, माझी गाडी लीजवर आहे. बाबा घरी येऊन म्हणाले, पोरगी चांगली आहे, तिची चूक नाही. मग त्यांनी तो विषय काढला नाही. नंबर त्यांच्याच जुन्या, लांब पाठीच्या इस्टेट गाडीवर राहिला. दलालांचे फोन यायचे, एस आणि जे अशी आद्याक्षरं असलेल्या श्रीमंत माणसांच्या वतीने. बाबा त्यांच्याशी हवापाण्यावर बोलून फोन ठेवत. आजार कळल्यावर काका त्यांच्या मागे लागले होते की निदान गाडीवरून काढून कागदावर घे, सर्टिफिकेट मिळतं, सुरक्षित राहील. बाबा म्हणाले, कागदावरचा नंबर म्हणजे शवागारातला माणूस, नुसती चिठ्ठी बांधलेला. तो रस्त्यावरच बरा.

ते काकांनी ऐकलं. आईनेही ऐकलं होतं.

तेराव्याला ग्लासगोच्या मंदिरातून एक तरुण पुजारी आला होता. उत्तरेकडचा, हिंदीत बोलणारा. छत्री, बूट, टॉर्च, ब्लँकेट असं सगळं आईने मांडलं होतं. गोदानाची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, आजकाल गाईच्या ऐवजी पाकिटात काहीतरी ठेवतात, ते चालतं. आईने पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि खाली ठेवलं.

“ह्याला मी गाय म्हणू, इरू?” ती मला म्हणाली. “ह्यांना पलीकडे जायला गाय काय करायची आहे? ह्यांना गाडी लागते.”

आणि तिने गाडीची किल्ली मागितली.

इशबेल सगळ्यांच्या मागे काळा कोट घालून उभी होती. बाबांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनवर होती, मॅकॉलच्या वेळेपासून. शेवटच्या दोन वर्षांत बाबांची नजर गेली तेव्हा गाडी तीच चालवायची. मंगळवारी आणि शुक्रवारी यायची, बाबांना शेजारी बसवून बेटाला एक चक्कर मारायची, बाबा न दिसणाऱ्या घरांची नावं घेत राहायचे. आईने तिला पुढे बोलावलं. तिच्या तळहातावर किल्ली ठेवली, वर तुळशीचं पान, आणि पळीने पाणी सोडलं. इशबेलला वाटलं, ही काहीतरी शपथ आहे. ओला हात तसाच पुढे धरून ती म्हणाली, मी सांभाळीन.

मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. बाबांना हवं होतं तसंच झालं : नंबर बेटावर राहिला, रस्त्यावर राहिला, आणि चाकामागे ओळखीचा हात राहिला. गाडीचा मालक बदलल्याचा, स्वान्सीला पाठवायचा कागद मीच टपालपेटीत टाकला.

आता गॅरेजमध्ये काका विचारत होते, गाडी किती वर्षांची झाली. अठरा. वार्षिक तपासणी केव्हा असते. ऑक्टोबरात, आई म्हणाली. म्हणजे झाली, काका म्हणाले, किंवा झाली नाही. त्यांनी मला समजावून सांगितलं. गाडी तपासणीत नापास झाली, मोडीत निघाली, तिच्या नाशाची नोंद झाली, की नंबर कायमचा बंद. मग कुणाचा बाप आला तरी तो परत मिळत नाही. ते म्हणाले, आपल्याला नको, इशबेलच्याच नावावर राहू दे, पण तिला आधी कागदावर घ्यायला सांगा. ह्या घरापेक्षा जास्त किमतीचा आहे तो, वहिनी, आणि तो तिच्या दारात पावसात उभा आहे.

आई ऐकून घेत होती. मग म्हणाली, दिलेल्या वस्तूची चौकशी करायची नसते. आपण तिच्या दारात गाडीचा विषय काढला की तिला वाटणार, परत मागायला आले. आणि एकदा तिला तसं वाटलं की ते दान राहिलं कुठे?

काकांनी पुन्हा किंमत सांगितली. आई म्हणाली, “भावजी, ह्यांना किंमत माहीत होती ना? तरी नाही काढला. मग मी कोण?”

मला किंमत नको होती. हे मी आज सांगते म्हणून नाही, त्या वेळीही मला ते स्पष्ट होतं. बाबांच्या पेन्शनमधून आईचं चालत होतं, माझं माझ्यापुरतं चालतं. पण बाबा गेल्यापासून मला एक गोष्ट दिसत होती. दुकानात, पोस्टात, फेरीच्या रांगेत लोक येऊन भेटत, दोन शब्द बोलत, आणि ते बोलणं रोज थोडं लहान होत होतं. त्यात कुणाची चूक नाही. त्या रस्त्यांवर बाबांचं काही शिल्लक असलंच तर ते एवढंच होतं, एक अक्षरजोडी आणि एक आकडा, वळणावरून पुढे येणारा. तो चालू राहावा एवढंच मला हवं होतं. कुणाच्याही नावावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला सांगितलं, इशबेलकडे जाऊन येते. आईने तिच्यासाठी डब्यात चिवडा भरून दिला, म्हणजे जायला दुसरं कारण झालं.

इशबेल चढावर राहते, चर्चच्या मागच्या गल्लीत. दारासमोर गाडी नव्हती. मी स्वतःला सांगितलं, बाजारात गेली असेल. पण दार तिनेच उघडलं, आणि मला पाहिल्याबरोबर तिची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या रिकाम्या जागेकडे गेली. तेवढ्यावरून मला कळलं.

तिने चहा केला. चिवडा बशीत काढला, त्याला हात लावला नाही. मी आईची तब्येत सांगितली, तिने तिच्या बहिणीची सांगितली. मग ती मध्येच थांबली आणि म्हणाली, मी तुमच्या आईकडे महिनाभर आले नाही, त्यांनी काही म्हटलं का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मी येऊच शकत नव्हते.

गाडी तपासणीत नापास झाली होती. मेकॅनिकने तिला खड्ड्यात उतरवून खालून बॅटरी मारून दाखवलं होतं. समुद्राच्या मिठाने तळ खाल्ला होता, बोट लावलं की आरपार. तो म्हणाला, ह्यात जेवढं घालशील तेवढं जाईल. तरी तिने दुसऱ्याला विचारलं, मग तिसऱ्याला, बेटाबाहेरच्या. ती कुणाला सांगू शकत नव्हती. तिने हात पुढे करून कबूल केलं होतं की सांभाळीन, आणि दोन महिनेही सांभाळता आली नाही. शेवटी वीसएक दिवसांपूर्वी मोडवाल्याचा ट्रक फेरीने आला. माणूस चांगला होता, तिने सांगितलं, सगळे कागद रीतसर केले, नंतर स्वान्सीचं पत्रही आलं की गाडी त्यांच्या दप्तरातून कायमची कमी झाली. ती धक्क्यापर्यंत ट्रकच्या मागे चालत गेली होती. आता तिने एक छोटी निळी गाडी घेतली होती, पण ती खालच्या गल्लीत उभी करायची, आईच्या नजरेला पडू नये म्हणून.

मी चहाचा कप धरून बसले होते. तिने पत्राचं सांगितलं तेव्हाच सगळं संपलं होतं. वीस दिवस आधी आले असते तर, असं माझ्या मनात येऊन गेलं, आणि मग हेही आलं की वीस दिवस आधी आम्हाला कुणालाच हे सुचलं नव्हतं.

“पण एक केलं मी,” इशबेल म्हणाली आणि उठली.

आतल्या खोलीतून ती उशीचा पांढरा अभ्रा घेऊन आली. इस्त्री केलेला. दोन्ही हातांनी धरून तिने तो टेबलावर ठेवला आणि उघडला. आत दोन प्लेट्स होत्या, पुढची पांढरी आणि मागची पिवळी. धुऊन पुसून लख्ख केलेल्या. स्क्रूंची भोकंसुद्धा तिने कशाने तरी स्वच्छ केली होती.

“तो म्हणाला, ह्याही तोडायच्या असतात. मी म्हटलं, डॉक्टरांचा नंबर तू चुरगाळणार नाहीस. मी त्याला काढायलाच लावल्या.” ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. “गाडी नाही राखता आली मला. नंबर राखला.”

मी प्लेट्सकडे पाहत राहिले. त्यांवरची अक्षरं तीच होती. दप्तरातून नंबर पुसला गेल्याने त्यांत काही फरक दिसत नव्हता.

“बरोबर केलं ना मी?” तिने विचारलं.

इशबेल चाळीस वर्षं फोनवर लोकांना सांगत आली होती की डॉक्टर आता पाहतील, घाबरू नका. तिला मी ह्यापूर्वी कधी काही विचारताना पाहिलं नव्हतं. मी बोलले असते तर तिला दोन गोष्टी कळल्या असत्या : की तिच्या दारात तिचं उरलेलं आयुष्य बदलेल एवढी दौलत दोन महिने उभी होती, आणि की डॉक्टरांचा नंबर तिच्या सहीने संपला. पहिली तिने कदाचित हसण्यावारी नेली असती.

“अगदी बरोबर केलंत,” मी म्हटलं.

ती बसली. बशी पुढे ओढून चिवडा खाऊ लागली, फार भूक लागल्यासारखी. तिखट लागला म्हणून तिच्या डोळ्यांना पाणी आलं, की दुसऱ्या कशाने, ते मी पाहिलं नाही. खाताखाता ती म्हणाली, आता तो तुम्ही तुमच्या गाडीला लावा. मी लावणार नाही, मला शोभणार नाही. तुम्ही डॉक्टर नाही आहात, पण त्यांच्या आहात. तुम्ही फेरीवरून गाडी घेऊन उतराल तेव्हा लोकांना कळेल.

मी म्हटलं, हो.

घरी आले तेव्हा काका स्वयंपाकघरात बसून आईला वाटाणे सोलून देत होते. मी अभ्रा टेबलावर ठेवला. काकांनी मागची प्लेट उचलली, उलटी केली, बनवणाऱ्याचं नाव वाचलं, पुन्हा सुलटी केली. मी दोघांना घडलेलं सांगितलं. काकांनी फक्त एकदा विचारलं, नाशाची नोंद झाल्याचं पत्र नक्की आलं का. मी म्हटलं, आलं. त्यांनी प्लेट खाली ठेवली, पण हात तिच्यावरून काढला नाही. मृत माणसाच्या मनगटावर नाडी पाहून झाल्यावर डॉक्टर कधीकधी हात तसाच ठेवतात, तसा. ह्या माणसाने बाबांच्या अंत्यविधीचे फोटो हॉस्पिटलच्या पलंगावर पडून पाहिले होते. ग्रीनॉकच्या स्मशानात येता आलं नाही म्हणून तो काय करत असेल ह्याचा मी तोवर विचार केला नव्हता.

मग ते म्हणाले की इशबेलला सांगायला हवं. पैशासाठी नाही. शंभर वर्षं सलग रस्त्यावर होता, खंड नाही, इतिहास आहे तो, आणि तो कसा संपला हे जिच्या हातून संपला तिला ठाऊक असायला हवं. उद्या बेटावर कुणीतरी जाणकार भेटेल आणि तिला रस्त्यात सांगेल.

आईने वाटाण्यांचं भांडं आपल्याकडे ओढलं.

“तुम्ही जन्मभर माणसांना भूल दिलीत, भावजी,” ती म्हणाली. “एका बाईला राहू द्या की.”

काका हसले नाहीत. ते उठून गॅरेजकडे गेले आणि भिंतीवरच्या पाट्या काढून वर्तमानपत्रात गुंडाळू लागले. आम्हाला आतून कागदाचा आवाज येत होता.

आईने मला विचारलं, इशबेल रडली का. मी म्हटलं, माहीत नाही. मग बराच वेळ ती सोलत राहिली. शेवटी म्हणाली, गाडी मोडली हे एका परीने बरंच. दुसरं कुणी ती चालवतंय आणि हे तिकडे पायी, असं तर नाही ना झालं. आता ती ह्यांच्याकडे आहे.

मला ह्यातलं काही खरं वाटत नाही. पण ते बोलताना तिच्या शेंगा सोलण्याचा वेग बदलला नाही, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच ती बाबांविषयी वर्तमानकाळात बोलली. मी अभ्रा घडी करून प्लेट्स त्यात पुन्हा ठेवल्या.

त्या आता लीड्सला माझ्या कपाटात आहेत. गाडीला लावता येत नाहीत. लावल्या तर तो गुन्हा आहे, अस्तित्वात नसलेला नंबर घेऊन रस्त्यावर जाण्याचा. काकांनी एका क्लबच्या पत्रिकेत एसजे ७ वर अर्धं पान लिहिलं. पहिली गाडी, चार डॉक्टर, सलग शंभर वर्षं. शेवट कसा झाला ते लिहिलं नाही. ‘२००९ पर्यंत रस्त्यावर’ एवढंच.

मी महिन्यातून एकदा बेटावर जात असे. गाडी वीम्स बेच्या पार्किंगमध्ये ठेवायची आणि पायी फेरीत चढायचं. इशबेल बऱ्याचदा धक्क्यावर असे, निळ्या गाडीजवळ. पहिल्या वेळी तिने विचारलं, लावला का? मी म्हटलं, लावला. मग गाडी कुठे? मी म्हटलं, फेरीत गाडीचं भाडं फार पडतं, पलीकडेच ठेवते. तिला ते पटलं, इथल्या माणसांना ते नेहमीच पटतं. पुढच्या वेळी तिने विचारलं, तिथे उघड्यावर सुरक्षित असते का, कुणी नंबर चोरला तर. मी म्हटलं, तिथे राखणीला माणूस असतो. असा माणूस तिथे नाही.

एप्रिलमध्ये तिने मला घरापर्यंत सोडलं. मी उतरताना तिने माझ्या कोटाच्या खिशात एक पाकीट सरकवलं. म्हणाली, पुढच्या वेळचं गाडीचं भाडं, जाऊन येऊन. मला एकदा पाहायचा आहे, बोटीतून बाहेर येताना. माझंही वय झालं आहे.

मी ते परत करायला हात खिशात घातला. पण परत करायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी तिचे आभार मानले.

त्यानंतर मी आईलाच लीड्सला बोलावून घेते. ती येते, आठवडाभर राहते, माझ्याकडे चांगली विळी नाही म्हणून कुरकुर करते. मी बेटावर का येत नाही, हे तिने विचारलेलं नाही. इशबेल मात्र दर वेळी तिच्याजवळ विचारते. आई सांगते, इरूला सध्या रजा मिळत नाही.